स्निग्ध अन्न आणि कर्करोग : एका वादाचा इतिहास

‘स्नेह’ या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत. एक मायेचा आणि दुसरा तेलातुपाचा. आपल्या पूर्वजांना या दोन अर्थांत काही विसंगती आहे असे वाटले नाही. पानावरच्या वरणभातावर तुपाची धार धरताना कोणी हात आखडता घेतला, तर त्याच्या तुपाविषयी नव्हे, मायेविषयीच शंका घेतली जाई. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र या तुपावर, लोण्यावर आणि चरबीवर दोन गंभीर आरोप आले. पहिला आरोप हृदयविकाराचा. तो घरोघरी माहीत झालेला आहे. दुसरा आरोप कर्करोगाचा. हा दुसरा खटला पुष्कळ वर्षे चालला, त्यात साक्षी उलटसुलट झाल्या आणि निकालही सरळ एका वाक्यात सांगता येण्याजोगा लागला नाही. त्या खटल्याचा इतिहास आज आपल्यापुढे ठेवावयाचा आहे.

प्रथम आरोपीची ओळख करून घेऊ. तेल, तूप, लोणी, चरबी हे सारे स्निग्ध पदार्थ आम्लांच्या लांब साखळ्यांचे बनलेले असतात. साखळीचे मणी म्हणजे कार्बनचे अणू. या अणूंना जितका हायड्रोजन धरून ठेवता येईल तितका त्यांनी धरलेला असला, म्हणजे ते स्निग्ध आम्ल संपृक्त म्हणावयाचे. काही जागा रिकाम्या राहिल्या असतील तर ते असंपृक्त. संपृक्ताचे प्रमाण जास्त असलेला पदार्थ थंडीत थिजतो. तूप थिजते, खोबरेल थिजते, जनावरांची चरबी थिजते. करडईचे किंवा मक्याचे तेल तसे थिजत नाही. कोणताही नैसर्गिक स्निग्ध पदार्थ निव्वळ एका जातीचा नसतो, प्रत्येकात दोहोंचे मिश्रण असते, एवढे मात्र ध्यानात ठेवावयास हवे. पुढे जो घोटाळा झाला त्याचे एक मूळ या मिश्रणातच आहे.

अन्नाचा आणि गाठींचा संबंध असावा ही कल्पना नवी नव्हे. सुश्रुताने अर्बुदाचे जे सहा प्रकार सांगितले, त्यांत मांसापासून होणारे व मेदापासून होणारे असे दोन प्रकार आहेत. सुश्रुताचे अर्बुद म्हणजेच आजचा कर्करोग असे समीकरण मांडणे धाडसाचे होईल. पण शरीरातील मेदाकडे वैद्यांची नजर फार पूर्वीच गेली होती एवढे त्यावरून दिसते. प्रयोगाच्या कसोटीवर हा प्रश्न आला तो विसाव्या शतकात. १९१४ साली अमेरिकन शास्त्रज्ञ पेटन राउस यांनी असे दाखविले की, उंदरांना कमी खाऊ घातले तर त्यांच्या शरीरातील गाठींची वाढ मंदावते. याच राउस यांना पुढे १९६६ साली, अर्बुदे निर्माण करणाऱ्या विषाणूच्या शोधाबद्दल, नोबेल पारितोषिक मिळाले. फ्रेडरिक हॉफमन हे एका विमा कंपनीचे संख्याशास्त्रज्ञ. माणसे कशाने मरतात याचे हिशेब ठेवणे हा त्यांचा व्यवसायच होता. त्यांनी १९३७ साली कर्करोग आणि आहार या विषयावर एक जाडजूड ग्रंथ लिहून, गरजेपेक्षा अधिक खाणे हे या रोगाच्या अनेक कारणांपैकी एक असावे असे मत मांडले.

या विषयाचा खरा पाया घातला तो शिकागोच्या मायकेल रीझ इस्पितळातील आल्बर्ट टॅननबॉम यांनी. १९४० च्या सुमारास त्यांनी उंदरांवर प्रयोगांची एक मालिकाच हाती घेतली. १९४२ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षात असे होते की, आहारातील स्निग्धांश वाढविला असता उंदरांच्या स्तनांतील आणि त्वचेवरील गाठी वाढतात. परंतु याच टॅननबॉम यांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. एकूण अन्नाचे उष्मांक कमी केले तर गाठी लक्षणीय प्रमाणात कमी होतात. म्हणजे दोष स्निग्धतेचा की खादाडपणाचा, हा प्रश्न पहिल्याच प्रयोगांत दडलेला होता. पुढील पिढीने पहिले वाक्य उचलले आणि दुसरे पुष्कळ काळ बाजूला ठेवले.

मध्यंतरी हृदयविकाराचे प्रकरण गाजू लागले. १९५५ च्या सप्टेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला आणि त्या देशातील प्रत्येक घरात लोणी आणि चरबी यांची चर्चा सुरू झाली. मिनेसोटाचे अ‍ॅन्सेल कीज यांनी १९५८ साली सात देशांच्या तुलनेचा आपला अभ्यास आरंभिला. संपृक्त स्निग्धांनी रक्तातील कोलेस्टेरॉल वाढते आणि त्यामुळे हृदयाच्या धमन्या कोंदतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. मग संपृक्त स्निग्धे काढून त्यांच्या जागी वनस्पतींची तेले द्यावीत, हा उपाय ओघानेच आला. तो पारखून पाहण्यासाठी जे प्रयोग झाले, त्यांपैकी एकातून कर्करोगाचा प्रश्न अगदी अनपेक्षितपणे पुढे आला.

हा प्रयोग लॉस एंजेलिसमधील निवृत्त सैनिकांच्या वसतिगृहात झाला. सेमूर डेटन व मॉर्टन ली पिअर्स हे त्याचे सूत्रधार. एकूण ८४६ वृद्ध पुरुषांचे दोन गट केले. एका गटाच्या जेवणात नेहमीची प्राणिज स्निग्धे ठेवली. दुसऱ्या गटाच्या जेवणात त्यांपैकी बरीचशी काढून मका, सोयाबीन, सरकी आणि करडई यांची तेले घातली. आपल्या दख्खनच्या काळ्या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या पिकत आलेली करडई अशा रीतीने पॅसिफिक महासागराच्या काठी एका वैद्यकीय वादात साक्षीदार झाली! कोण कोणत्या गटात आहे हे त्या पुरुषांनाही सांगितलेले नव्हते आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनाही. सुमारे आठ वर्षांनंतर हिशेब झाला. तेल खाणाऱ्या गटात धमन्यांच्या रोगाने मेलेल्यांची संख्या कमी होती. पण एकूण मृत्यू मोजले तेव्हा एका गटात १७४ आणि दुसऱ्यात १७८, म्हणजे जवळजवळ सारखेच निघाले. हृदयाने वाचविलेली माणसे गेली कोठे?

या प्रश्नाचे उत्तर पिअर्स आणि डेटन यांनी मार्च १९७१ मध्ये ‘लॅन्सेट’ या इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकात दिले. तेल खाणाऱ्या गटात ३१ जण कर्करोगाने मरण पावले होते, तर नेहमीचे जेवण जेवणाऱ्या गटात १७. ज्या संपृक्त स्निग्धाला गुन्हेगार ठरविण्यासाठी हा सारा खटाटोप, ते बाजूलाच राहिले आणि संशयाची सुई त्याच्या जागी आणलेल्या तेलाकडे वळली. ३१ आणि १७ यांतील फरक निव्वळ योगायोगाने पडला नसेल असे छातीठोकपणे सांगण्याइतके हे आकडे मोठे नव्हते, हे त्या लेखकांनाही ठाऊक होते. त्याच वर्षी फ्रेड एडरर आणि त्यांचे सहकारी यांनी अमेरिका व युरोप येथील अशाच पाच प्रयोगांचे आकडे एकत्र मांडले. लॉस एंजेलिस वगळता बाकीच्या चार प्रयोगांत तेल खाणाऱ्यांत कर्करोग वाढल्याचे दिसले नाही. तो उलट कमीच होता. शंका विझली नाही, पण तिची धग ओसरली.

ती पुन्हा फुलली १९७४ साली. ब्रिटिश संशोधक जॉफ्री रोझ आणि त्यांचे सहकारी यांना असे आढळले की, मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने पुढे आजारी पडलेल्या पुरुषांचे रक्तातील कोलेस्टेरॉल आधी अपेक्षेपेक्षा कमी होते. त्यांची अपेक्षा नेमकी उलटी होती. कोलेस्टेरॉल उतरवून आपण हृदय वाचवितो आणि कर्करोगाला आमंत्रण देतो की काय, या भीतीने त्यानंतर कित्येक वर्षे वैज्ञानिकांच्या सभा गाजल्या. हळूहळू उलगडा होत गेला तो असा, की पुष्कळशा बाबतीत कोलेस्टेरॉलची घट हे रोगाचे कारण नसून रोगाची चाहूल असते. शरीरात दडून बसलेला कर्करोगच ते उतरवितो. पुढे कोलेस्टेरॉल कमी करणारी नवी औषधे आली. ती घेणाऱ्या लक्षावधी माणसांच्या प्रयोगांचे आकडे २०१० साली एकत्र करण्यात आले, तेव्हा कर्करोगात वाढ आढळली नाही. कार्य कोणते आणि कारण कोणते हे ओळखण्यात चांगले चांगले विद्वान कसे चकतात, याचा हा एक धडा होय.

आता या इतिहासाच्या दुसऱ्या प्रवाहाकडे वळू. कॅनडातील केनेथ कॅरोल हे उंदरांवर प्रयोग करीत होते. त्यांना असे दिसले की, स्तनांतील गाठी मक्याच्या तेलाने अधिक वाढतात, खोबरेलाने किंवा जनावरांच्या चरबीने तितक्या वाढत नाहीत. प्रयोगशाळेतील हा पुरावा सरळसरळ असंपृक्त तेलाच्या विरुद्ध जाणारा होता. पण १९७५ साली कॅरोल यांनी निरनिराळ्या देशांतील माणसे सरासरी किती स्निग्ध पदार्थ खातात आणि त्या देशांत स्तनांच्या कर्करोगाने किती स्त्रिया मरतात याचा आलेख मांडला. सारे ठिपके जवळजवळ एका रेषेत आले. एका टोकाला थायलंड, जपान. दुसऱ्या टोकाला डेन्मार्क, नेदरलँड्स, ब्रिटन, अमेरिका. येथे मात्र संबंध दिसला तो प्राणिज स्निग्धांशी. वनस्पतिज तेलांशी दिसला नाही. उंदीर एक सांगत होता आणि नकाशा दुसरेच सांगत होता.

नकाशाची साक्ष अधिक प्रभावी ठरण्यास एक सबळ कारण होते. जपानमधून हवाई आणि कॅलिफोर्निया येथे जाऊन राहिलेल्या कुटुंबांची माहिती तोपर्यंत हाती आली होती. जपानात मोठ्या आतड्याचा कर्करोग फार विरळा. पण हे स्थलांतरित आणि त्यांची मुले यांच्यात त्याचे प्रमाण अमेरिकनांच्या जवळ जाऊन पोचले. रक्त तेच, वंश तोच. बदलले ते राहणे आणि खाणे. कर्करोग ही निव्वळ कपाळावरची रेघ नव्हे, तो टाळता येण्यासारखा असला पाहिजे, ही आशा या माहितीने प्रथमच बळकट केली. त्याच १९७५ साली ब्रूस आर्मस्ट्राँग व रिचर्ड डॉल यांनी अनेक देशांच्या तुलनेतून मांस आणि स्निग्ध पदार्थ यांच्याशी असलेले हे नाते पुन्हा दाखविले. पण असे नाते म्हणजे कार्यकारणभाव नव्हे, असा इशाराही त्यांनी दिला.

या जागतिक नकाशात मुंबईचाही एक ठिपका आहे, आणि तो आपल्याला अभिमान वाटावा असा आहे. परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्यासारख्या विकृतिशास्त्रज्ञाने तेथे भारतीय कर्करोगाचा शास्त्रशुद्ध अभ्यास उभा केला. १९६३ साली डॉ. दाराब जस्सावाला यांच्या पुढाकाराने मुंबईत शहरातील प्रत्येक कर्करोग्याची नोंद ठेवणारी नोंदवही सुरू झाली. वस्तीच्या पायावर उभारलेली अशी ही भारतातील पहिलीच नोंदवही. तिने दाखविले की, मुंबईत स्तनांचा आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग पाश्चात्त्य देशांच्या मानाने पुष्कळच कमी आहे आणि तंबाखूशी जोडलेले तोंडाचे व घशाचे कर्करोग मात्र अधिक आहेत. तिने आणखी एक विचार करावयास लावणारी गोष्ट दाखविली. त्याच शहरातील पारशी स्त्रियांत स्तनांच्या कर्करोगाचे प्रमाण इतर स्त्रियांपेक्षा जास्त होते. पारशी समाजाचा आहार वेगळा, हे खरे. पण त्या समाजात विवाह उशिरा होत, अपत्ये कमी असत, शिक्षण आणि सुबत्ता अधिक होती. उशिरा आलेले मातृत्व आणि थोडी बाळंतपणे यांनीही हा रोग वाढतो, हे आज निश्चित झालेले आहे. मग दोष कोणाला द्यावा? ताटाला, की साऱ्या जीवनक्रमाला? देशादेशांच्या आलेखांतही हाच गुंता होता. ज्या देशात लोणी अधिक त्या देशात मोटारी, कारखाने आणि उंचपुरी, धष्टपुष्ट माणसेही अधिक होती.

तथापि शासनांना आणि जनतेला थांबवत नव्हते. १९७७ च्या जानेवारीत सिनेटर मॅकगव्हर्न यांच्या समितीने अमेरिकनांसाठी आहाराची उद्दिष्टे जाहीर केली. स्निग्ध पदार्थांतून मिळणारे उष्मांक शेकडा ४० वरून ३० वर आणि त्यांतील संपृक्तांचे शेकडा १० वर आणावेत, असे त्यांत होते. १९८० साली तेथील राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या एका मंडळाने, निरोगी माणसांना असा सरसकट उपदेश करण्याइतका पुरावा नाही, असे म्हटले. दोनच वर्षांनी, १९८२ साली, त्याच अकादमीच्या दुसऱ्या समितीने कर्करोग टाळण्यासाठी स्निग्धांश ३० टक्क्यांवर आणण्याचा सल्ला दिला. एकाच घरातील दोन वडीलधाऱ्यांनी दोन तोंडांनी बोलावे तसे हे झाले. १९८१ साली रिचर्ड डॉल आणि रिचर्ड पीटो यांनी अमेरिकेतील कर्करोगाच्या मृत्यूंपैकी सुमारे ३५ टक्के आहाराशी संबंधित असावेत असा अंदाज वर्तविला होता. पण तो १० टक्क्यांपासून ७० टक्क्यांपर्यंत कोठेही असू शकेल, असेही त्यांनीच लिहिले होते. लोकांनी ३५ हा आकडा पाठ केला. १० ते ७० ही कबुली कोणाच्या लक्षात राहिली नाही.

आता गरज होती ती देशांची नव्हे, माणसांची तुलना करण्याची. हार्वर्डचे वॉल्टर विलेट यांनी ८९,५३८ परिचारिकांना त्या काय खातात हे विचारले आणि चार वर्षे त्यांच्या प्रकृतीवर लक्ष ठेवले. त्यांपैकी ६०१ जणींना स्तनांचा कर्करोग झाला. १९८७ च्या आरंभी प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा होता की, अधिक स्निग्ध खाणाऱ्या आणि कमी खाणाऱ्या स्त्रियांत काही फरक नाही. संपृक्त स्निग्धाच्या बाबतीतही नाही. १९९६ साली चार देशांतील सात अभ्यास एकत्र करून ३,३७,८१९ स्त्रियांची माहिती तपासली गेली. तिचाही निर्वाळा तोच.

यावर प्रतिपक्षाचे म्हणणे तितकेच वजनदार होते. गेल्या वर्षी आपण किती वेळा लोणी खाल्ले हे कोणाला नेमके सांगता येते? मोजपट्टीच लवचिक असेल तर मोजमाप कसे जुळणार? शिवाय एका देशातील साऱ्या स्त्रिया जवळजवळ सारखेच खात असतील, तर फरक दिसावा कसा? केंब्रिजच्या शीला बिंगहॅम यांनी या आक्षेपाची परीक्षाच घेतली. त्यांनी स्त्रियांकडून प्रश्नावली भरून घेतली आणि सात दिवसांच्या खाण्याची रोजनिशीही लिहून घेतली. २००३ साली त्यांनी दाखविले की, रोजनिशीच्या आधारे पाहिले तर संपृक्त स्निग्ध आणि स्तनांचा कर्करोग यांचा संबंध दिसतो. प्रश्नावलीच्या आधारे तो स्पष्ट दिसत नाही. त्याच स्त्रिया, तोच रोग. केवळ विचारण्याची रीत बदलली आणि उत्तर बदलले.

शेवटी निवाडा प्रयोगानेच व्हावयाचा होता, आणि तो प्रयोग अमेरिकेत १९९३ साली सुरू झाला. ५० ते ७९ वर्षे वयाच्या ४८,८३५ स्त्रियांनी त्यात भाग घेतला. त्यांपैकी १९,५४१ जणींना स्निग्धांश निम्म्याजवळ आणण्यास, भाज्या, फळे व धान्ये वाढविण्यास शिकविण्यात आले. बाकीच्यांनी नेहमीप्रमाणे खावे असे ठरले. वर्षामागून वर्षे या स्त्रिया सभांना आल्या, वह्या भरल्या, आवडीचे पदार्थ दूर ठेवले. सरासरी आठ वर्षांनंतर, २००६ साली, निकाल जाहीर झाला. दर दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला स्तनांचे कर्करोग पहिल्या गटात ४२ आणि दुसऱ्या गटात ४५. फरक होता, पण तो योगायोगाच्या मर्यादेपलीकडे गेलेला नव्हता. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात तर काहीच घट झाली नाही. पुढे याच स्त्रियांवर सुमारे वीस वर्षे लक्ष ठेवल्यावर, २०१९ साली, आहार बदललेल्या गटात स्तनांच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक पंचमांशाने कमी आढळले. पण या स्त्रियांनी केवळ स्निग्ध कमी केले नव्हते. त्यांनी भाजीपाला वाढविला होता आणि त्यांचे वजनही थोडे उतरले होते. श्रेय कोणाचे, हे या आकड्यांवरून वेगळे काढता येत नाही.

श्रोतेहो, मग या खटल्यात शेवटी काय ठरले? संपृक्त स्निग्ध हे कर्करोगाचे मोठे व स्वतंत्र कारण आहे हा आरोप, ज्या जोराने तो केला गेला, त्या जोराने सिद्ध झाला नाही. त्याचा कर्करोगाशी काहीच संबंध नाही, असेही सिद्ध झालेले नाही. मात्र तपास चालू असता खरे साथीदार एकेक करून उजेडात आले. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने, खारवून, धुरावून किंवा रसायने घालून टिकविलेल्या मांसाने मोठ्या आतड्याचा कर्करोग होतो असे जाहीर केले. पण त्यात मुख्य संशय चरबीवर नसून मांसातील रक्तद्रव्य आणि टिकविण्याच्या क्रियेत निर्माण होणारी द्रव्ये यांवर आहे. २०१६ साली याच संस्थेने सांगितले की, शरीरावर वाढलेला मेद १३ प्रकारच्या कर्करोगांचा धोका वाढवितो, आणि ऋतुनिवृत्तीनंतरचा स्तनांचा कर्करोग त्यांत आहे. म्हणजे ताटातील मेदापेक्षा अंगावरील मेद अधिक अपराधी ठरला. टॅननबॉम यांचे विसरलेले दुसरे वाक्य सत्तर वर्षांनी पुन्हा ऐकू आले. हृदयाच्या दृष्टीने संपृक्त स्निग्ध मर्यादेत ठेवावे, हा सल्ला मात्र कायम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली एकूण उष्मांकांच्या दहाव्या हिश्शाची मर्यादा पुन्हा सांगितली.

आपल्या देशाला या इतिहासाचे विशेष अगत्य असावयास हवे. मुंबईच्या नोंदवहीने १९६०-७० च्या दशकांत जे चित्र दाखविले ते आता राहिलेले नाही. भारतीय स्त्रियांत स्तनांचा कर्करोग आज पहिल्या क्रमांकावर आहे. लॉस एंजेलिसच्या वसतिगृहात किंवा हवाईच्या बेटांवर जे घडले, ते आता गाव सोडून शहरात आलेल्या आपल्याच कुटुंबांत घडत आहे. त्याचा सारा दोष चमचाभर तुपावर टाकून मोकळे होणे सोपे आहे. पण त्यामुळे तंबाखूची चंची तशीच कमरेला राहील, बैठे काम तसेच चालेल, आणि स्तनातील गाठ हाताला लागूनही संकोचाने न बोलणारी बाई तशीच गप्प राहील.

या वादात चुकले ते शोध घेणारे नव्हेत. राउस यांच्यापासून बिंगहॅम यांच्यापर्यंत प्रत्येकाने आपापल्या दिव्याच्या उजेडात जे दिसले ते प्रामाणिकपणे सांगितले, आणि बहुतेकांनी आपल्या विधानाच्या मर्यादाही सांगितल्या. ऐकणाऱ्यांनी विधान तेवढे घेतले आणि मर्यादा सोडून दिली. लॉस एंजेलिसचे ते वृद्ध सैनिक आणि आठ वर्षे पथ्य पाळणाऱ्या त्या हजारो स्त्रिया यांची नावे आपल्याला माहीत नाहीत. त्यांनी आपले रोजचे जेवण विज्ञानाच्या स्वाधीन केले, म्हणूनच आज आपल्याला इतके तरी खात्रीने बोलता येते. त्यांचे ऋण फेडावयाचे असेल, तर उद्या एखादा नवा आकडा कानावर येताच तो किती माणसांवरून, किती वर्षांत आणि कोणत्या मापाने काढला, एवढे विचारण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे.